पेपर किती, सायटेशन किती आणि त्याचा अर्थ काय: खानदेशातल्या प्राध्यापकांनी आपल्या संशोधनाचा हिशेब कसा मांडावा

स्थाननिश्चितीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायली तयार व्हायला लागल्या की कॉलेजच्या ग्रंथालयात एकच प्रश्न ऐकू येतो: ‘सर, तुमना एच-इंडेक्स कितला शे?’ सायटेशन म्हणजे नंतरच्या लेखनात आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन एकत्र धरून काढलेला एक आकडा (तो कसा काढतात ते पाचव्या पायरीत). रसायनशास्त्राचे सर बारा सांगतात, गणिताच्या मॅडम चार सांगतात, मराठीचे सर विषय बदलतात. चहा संपेपर्यंत तिघांची मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागलेली असते. ही रांग खोटी आहे. ती का खोटी आणि खरा हिशेब कसा मांडायचा, हे मी ग्रंथालयाच्या बाजूने, पायरीपायरीने सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत शिकवणारे आणि पीएच.डी. करणारे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. महागडी डेटाबेस वर्गणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून शक्य तिथे फुकटचीच साधने सांगितली आहेत.

पहिली पायरी: गूगल उघडायच्या आधी स्वतःची यादी

बहुतेक जण सुरुवातच प्रोफाईलपासून करतात आणि तिथे जे दिसते तेच आपले काम असे धरून चालतात. उलट करा. एक एक्सेल शीट घ्या आणि आजवर छापून आलेले सगळे त्यात उतरवा. रकाने असे: वर्ष, छापलेले शीर्षक जसेच्या तसे, सगळे लेखक छापलेल्या क्रमाने, त्यात तुमचा क्रमांक, पत्रव्यवहाराचा लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) कोण, जर्नलचे पूर्ण नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदक्रमांक), खंड-अंक-पाने, डीओआय (लेखाचा कायमचा इंटरनेट-क्रमांक) असल्यास तो, भाषा, प्रकार, आणि पीडीएफ कुठे ठेवली आहे.

‘प्रकार’ हा रकाना कंटाळा न करता भरा. मूळ संशोधन, आढावा लेख, ग्रंथातले प्रकरण, चर्चासत्राच्या अंकातला लेख, अनुवाद, ही वेगवेगळी खाती आहेत. आढावा लेखाला सायटेशन जास्त मिळतात, चर्चासत्राच्या अंकाला जवळपास मिळतच नाहीत. सगळे एका डब्यात टाकले की पुढे कुठल्याच आकड्याचा उलगडा होत नाही.

मराठीतले लेखन वगळू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’मध्ये आलेला तापीकाठच्या इतिहासावरचा लेख किंवा अहिराणी ओव्यांवरचे एखादे प्रकरण आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये सापडणार नाही, पण तुमच्या विषयात तेच तुमचे मुख्य काम असू शकते. रविवारच्या पुरवणीतले लेख मात्र वेगळ्या शीटवर. ते समाजासाठी केलेले काम म्हणून दाखवता येते, संशोधन म्हणून नाही.

दुसरी पायरी: नाव एकच ठेवा

खानदेशात ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण इथे प्रत्येक कॉलेजात तीन-चार पाटील असतात. ‘एस. आर. पाटील’ हे नाव स्कोपस या पेपर आणि सायटेशन नोंदवणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकून पाहा. भौतिकशास्त्र, शेती, दंतवैद्यक, वाणिज्य, सगळीकडचे एस. आर. पाटील रांगेने उभे राहतात. चौधरी आडनावाची गत निराळी: रोमन लिपीत कधी ‘ए-यू’, कधी ‘ओ-यू’, शेवटी कधी ‘आय’ तर कधी ‘वाय’. एकाच माणसाचे तीन लेखक तयार होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचे तर अर्धे काम माहेरच्या नावाखाली अडकून पडलेले असते.

आणखी एक घोटाळा खास आपला. आपण अर्जावर आडनाव आधी लिहितो, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. त्याच क्रमाने नाव पेपरवर छापले की परदेशी सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजते. वडिलांचे नाव रमेश असेल तर डेटाबेसमध्ये तुमचे आडनाव ‘रमेश’. यादीतला एखादा पेपर कुठेच सापडत नसेल तर वडिलांच्या नावाने शोधा. बऱ्याचदा तिथे निघतो.

उपाय असा. एकच स्पेलिंग, पूर्ण पहिले नाव, मधले आद्याक्षर, शेवटी आडनाव, असे ठरवा आणि पुढच्या प्रत्येक पेपरवर तेच द्या. मग ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा, क्रमांक काढा. ही सोय 2012 मध्ये सुरू झाली, फुकट आहे, सोळा आकडी क्रमांक मिळतो आणि जन्मभर बदलत नाही. नोंदणीत ‘इतर नावे’ असा रकाना असतो. जुनी स्पेलिंगे, माहेरचे नाव, उलटा क्रम, सगळे तिथे नोंदवा. पेपर पाठवताना जर्नलच्या फॉर्ममध्ये हा क्रमांक न विसरता टाका.

संस्थेच्या नावाचेही तसेच. आपले विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्यामुळे जुने पेपर एका नावाखाली, नवे दुसऱ्या, आणि कोणी नुसतीच आद्याक्षरे लिहिली असतील तर ते तिसऱ्या. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी स्कोपस आणि त्याच धर्तीच्या वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमधून संस्थेचे पेपर मोजते. नाव चुकले तर पेपर तुमचा असूनही कॉलेजच्या खात्यात जमा होत नाही. कॉलेजचे आणि विद्यापीठाचे नाव नेमके कसे लिहायचे, याचा एक कागद आयक्यूएसीने (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाने) काढून सर्वांना वाटावा.

तिसरी पायरी: गूगल स्कॉलर, झाडून-पुसून

गूगल स्कॉलर 2004 मध्ये आले. फुकट, सोपे आणि सर्वांत उदार. उदार म्हणजे ते प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच टाकलेले पेपर), चर्चासत्राचे अंक, कॉलेजच्या वेबसाईटवर टाकलेली पीडीएफ, सगळ्यातली सायटेशन मोजते. त्यामुळे इथला आकडा स्कोपसपेक्षा मोठा येतो, आणि म्हणूनच लोकांना हाच आवडतो.

प्रोफाईल करताना कॉलेजचा ई-मेल द्या, म्हणजे त्याखाली पडताळणीची खूण येते. नंतर गूगल पेपरांचे गठ्ठे समोर ठेवून विचारते, हे तुमचे का? इथे घाईने सगळ्यांना ‘हो’ म्हणू नका. दुसऱ्या पाटलांचे पेपर नेमके याच क्षणी आत शिरतात. एकेक शीर्षक पहिल्या पायरीतल्या शीटशी ताडून पाहा. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘पेपर आपोआप जोडा’ हा पर्याय बंद करा आणि ‘आधी मला ई-मेलने विचारा’ हा चालू करा. हे केले नाही तर सहा महिन्यांनी मराठीच्या प्राध्यापकांच्या खात्यावर दुग्धशास्त्राचा पेपर निघतो. असे प्रोफाईल मुलाखतीत समोर आले तर लबाडी तुमची नसली तरी मान खाली घालायची वेळ तुमच्यावर येते.

एकच पेपर दोनदा दिसत असेल, बहुधा शीर्षकातल्या एखाद्या स्पेलिंगमुळे, तर दोन्हींवर खूण करून एकत्र करा. सायटेशन विखुरलेली असतील तर ती एका जागी येतात आणि कधी कधी एच-इंडेक्स एकाने वाढतो. ही वाढ हक्काची आहे.

चौथी पायरी: स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स

वर्गणी नसली तरी स्कोपसचा लेखक-शोध फुकट चालतो. आपल्या नावाची किती प्रोफाईल निघतात ते पाहा. दोन-तीन निघाली तर लेखकांच्या दुरुस्ती अर्जातून ती एकत्र करायला सांगा आणि परके पेपर काढायला लावा. ओआरसीआयडी स्कोपसशी जोडून घ्या. वेब ऑफ सायन्सवरही स्वतःचे प्रोफाईल फुकट करता येते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेचे ‘विद्वान’ प्रोफाईल भारतातल्या कामासाठी उपयोगी आहे, नसेल तर तेही करून टाका.

पाचवी पायरी: एच-इंडेक्स हाताने काढा

एकदा तरी हाताने काढावाच, म्हणजे त्यात काय आहे आणि काय नाही हे कळते. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. जिथपर्यंत सायटेशनचा आकडा पेपरच्या क्रमांकाएवढा किंवा त्याहून मोठा आहे, तो क्रमांक म्हणजे एच. समजा रसायनशास्त्राच्या एका सरांचे दहा पेपर आहेत आणि सायटेशन अशी: 41, 28, 19, 12, 9, 7, 6, 3, 1, 0. सहाव्या पेपरला 7 आहेत, म्हणजे चालते. सातव्याला 6 आहेत, म्हणजे थांबा. एच झाला 6. गूगलचा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर, ते इथे 4. एकूण सायटेशन 126.

आता पहिल्या पेपरची 41 खोडून 400 लिहा. एच 6 च राहतो. शेवटच्या तीन पेपरना एकही सायटेशन नसते तरी एच 6 च राहिला असता. म्हणजे हा आकडा मोठे यशही झाकतो आणि नुसत्या भरणीचे पेपरही झाकतो. तो पेपरांच्या संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही आणि कधी कमी होत नाही. निवृत्त माणसाचाही वाढत राहतो. तरुण सहायक प्राध्यापकाची विभागप्रमुखाशी एच-इंडेक्सवरून तुलना करणे म्हणजे दोघांचे वय विचारणे.

हे माप जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडले. त्याच लेखात त्यांनी एक सावधगिरी सांगून ठेवली, ती आपल्याकडे कोणी वाचत नाही: जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा वरचे असतात. त्यांच्या यादीत भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटेन होते, एच 110. जीवविज्ञानात सर्वांत वर सोलोमन स्नायडर, एच 191. विटेन गणितातले फील्ड्स पदक मिळालेले, सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले अव्वल नाव. आपल्या चहाच्या टेबलावर ते स्नायडर यांच्या खाली बसले असते.

सहावी पायरी: विषयाप्रमाणे तोला

सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू. रावेरच्या केळीवाल्याचे आणि धरणगावच्या कापूसवाल्याचे उत्पन्न नुसत्या क्विंटलवर तोलून कोण चांगला शेतकरी हे कोणी ठरवत नाही. केळी एकरी भरतेच जास्त. विषयांचेही तसेच आहे.

जैववैद्यकीय किंवा रसायनशास्त्रातल्या पेपरच्या शेवटी लांबलचक संदर्भयादी असते. जगात त्या विषयाचे लोकही खूप आणि पेपर छापून यायला वेळ कमी लागतो. म्हणून सायटेशन लवकर आणि भरपूर येतात. गणितात संदर्भयादी छोटी, लेखक एक किंवा दोन, आणि एखादा पेपर दहा वर्षांनी जागा होतो. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांत वजन ग्रंथाला असते, आणि ग्रंथातून ग्रंथाला दिलेले संदर्भ डेटाबेस नीट पकडतच नाहीत. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराला 1916 पासूनची परंपरा आहे. तिथल्या विषयाचे मोल रसायनशास्त्राच्या मोजपट्टीवर शून्याजवळ येईल, आणि ती चूक मोजपट्टीची असेल.

लेखकसंख्येचाही फरक पडतो. 2015 मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा एक पेपर 5,154 लेखकांच्या नावाने आला. त्याची सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. पद्धत सांगणाऱ्या पेपरची गोष्ट आणखी वेगळी. प्रथिने मोजण्याच्या रीतीवरचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे. प्रयोगशाळेत ती रीत वापरली की संदर्भ द्यावाच लागतो.

मग तुलना करायची कशी? प्रत्येक पेपरला मिळालेल्या सायटेशनला त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीने भागायचे. उत्तर 1 आले तर जगाच्या सरासरीएवढे, 2 आले तर दुप्पट, 0.5 आले तर निम्मे. समजा रसायनशास्त्राच्या सरांच्या पेपरला 12 सायटेशन आहेत आणि त्या वर्षीची त्या शाखेची सरासरी 16 आहे: 0.75. गणिताच्या मॅडमच्या पेपरला 6 आहेत आणि त्यांच्याकडची सरासरी 3 आहे: 2. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण टेबलावरची रांग कशी उलटते ते दिसले असेल.

स्कोपसवर हे माप मिळते, पण तुमच्याकडे स्कोपस नसेल तर दोन वाटा आहेत. डायमेन्शन्स या डेटाबेसच्या फुकट आवृत्तीत दोन वर्षांहून जुन्या पेपरसाठी विषयानुसार गुणोत्तर दिसते. ओपनॲलेक्स हा 2022 मध्ये सुरू झालेला, पूर्ण खुला डेटाबेस आहे, त्यातही प्रत्येक पेपरसमोर असे माप दिलेले असते. पेपरचे शीर्षक किंवा डीओआय टाका आणि आकडा शीटमध्ये नवीन रकान्यात उतरवा.

दोन गोष्टींचे भान ठेवा. पेपर पाच-सातच असतील तर एका गाजलेल्या पेपरमुळे सरासरी फुगते. म्हणून सरासरीबरोबर मधला आकडाही (गुणोत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो) लिहा. आणि विषय ठरवतो तो डेटाबेस. केळीच्या खोडाच्या धाग्यावरचा पेपर पदार्थविज्ञानात धरला आहे की शेतीत, यावर उत्तर बदलते. पेपरसमोर कोणता विषय लावला आहे तो बघा. मराठीसाठी किंवा अहिराणीसाठी मात्र अशी सरासरी निघत नाही, कारण तुलना करायला तेवढे पेपरच डेटाबेसमध्ये नाहीत. तिथे आकडा देऊच नका. तिथे पुढची पायरी कामाला येते.

‘स्टॅनफर्डची दोन टक्के यादी’, म्हणजे जगातल्या सर्वाधिक उद्धृत दोन टक्के संशोधकांची यादी, हे प्रकरण याच ठिकाणी उलगडतो, कारण यादी आली की बसस्टँडपासून कॉलेजच्या गेटपर्यंत बॅनर लागतात. ही यादी जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून केलेली आहे. तिचे दोन वेगळे तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक एकाच वर्षाचा. स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून, दोन्ही रीतीने क्रमांक दिलेले असतात. उपशाखेप्रमाणे वर्गवारी असते, ही तिची चांगली बाजू. बॅनरवर यातले काहीच लिहिलेले नसते. आपले नाव असेल तर कोणता तक्ता, कोणते वर्ष, कोणती उपशाखा आणि स्वतःची सायटेशन वगळून कितवा क्रमांक, हे चारही सांगा. हार घ्यायला हरकत नाही.

सातवी पायरी: कोणी उद्धृत केले ते वाचा

सायटेशन मोजणारे पुष्कळ, उघडून वाचणारे थोडे. गूगल स्कॉलरवर आकड्यावर टिचकी मारली की उद्धृत करणाऱ्यांची यादी येते. सर्वांत जास्त सायटेशन असलेले तीन पेपर निवडा आणि उद्धृत करणाऱ्यांची चार गटांत वाटणी करा: मी स्वतः किंवा माझे सहलेखक, माझेच विद्यार्थी, देशातले अनोळखी, परदेशातले अनोळखी. स्वतःला उद्धृत करणे गुन्हा नाही. एकाच रसायनावर दहा वर्षे काम केले तर मागचा पेपर सांगावाच लागतो. पण शंभरातली सत्तर सायटेशन घरचीच असतील तर ते आधी तुम्हाला माहीत असावे, मग समितीला. आकडे फुगवण्याचे प्रकार जगभर इतके वाढले की वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 मध्ये आपल्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला.

मग प्रत्यक्ष वाक्य वाचा. ‘यावर पूर्वी काम झाले आहे’ म्हणून कंसात टाकलेल्या आठ नावांत तुमचे एक आहे, की तुमची पद्धत कोणी वापरली आहे, की तुमचे म्हणणे खोडून काढले आहे? नंदुरबारच्या सिकलसेलवरच्या सर्वेक्षणाचा पेपर एखाद्या आरोग्य अहवालाने आधाराला घेतला असेल, तर ते एक सायटेशन कंसातल्या वीस सायटेशनपेक्षा जड आहे. मराठी विषयाच्या प्राध्यापकांनी इथे शोधगंगा हे पीएच.डी. प्रबंधांचे भांडार वापरावे. तिथे चढवलेल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत आपले पुस्तक आहे का, कोणत्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लेख लावला आहे का, परीक्षणे कुठे आली, हे सगळे पुराव्यासह गोळा करा. वेळ लागतो, पण मराठीतल्या कामाचा प्रभाव दाखवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आठवी पायरी: जर्नल तपासा

पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची ‘यूजीसी-केअर’ यादी पाहिली की काम भागायचे. 2019 मध्ये आलेली ती यादी आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली आणि जर्नल कसे पारखावे याचे सुचवलेले निकष दिले. म्हणजे आता जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर. ‘केअर लिस्टेड’ असे आजही मुखपृष्ठावर मिरवणारे जर्नल दिसले तर आधी तेवढ्यावरूनच सावध व्हा.

तपासणी अशी. स्कोपसच्या जर्नलांची यादी फुकट उतरवता येते. त्यात काढून टाकलेल्या जर्नलांचेही पान असते, ते आधी बघा. वेब ऑफ सायन्सची मुख्य यादीही फुकट शोधता येते. नाव आणि आयएसएसएन दोन्ही जुळले पाहिजेत, कारण चांगल्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली वेबसाईट काढून पैसे उकळणारे आहेत. वेबसाईटचा पत्ता गूगलवरून न घेता त्या यादीतूनच घ्या. आयएसएसएन आणि डीओआय म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. आयएसएसएन मागणाऱ्या कोणत्याही नियतकालिकाला मिळतो.

‘चार दिवसांत प्रसिद्धी, प्रमाणपत्रासह’ अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी जाहिरात म्हणजे पैसे घेऊन छापण्याचा धंदा, त्यात परीक्षण होत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा छापला आहे तो कोणी दिला ते पाहा. युजीन गारफील्ड यांनी रुजवलेले हे माप आज क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधून येते. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, असा तो हिशेब आहे. ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’ अशी भारदस्त विशेषणे लावून दुसऱ्या कोणी विकलेला आकडा फायलीत लावू नका. आणि खरा असला तरी तो जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नाही.

नववी पायरी: नियमात काय मोजतात ते वेगळे ठेवा

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता काढून वाचा. विज्ञान, अभियांत्रिकी, शेती वगैरे शाखांत प्रत्येक पेपरला 8 गुण, भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य यांत 10. इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे 5 ते 30 पर्यंत वाढीव गुण आहेत. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकासाठी किमान 7 पेपर आणि 75 गुण, प्राध्यापकासाठी 10 पेपर आणि 120 गुण सांगितले आहेत. गंमत अशी की ज्यावरून चहाच्या टेबलावर भांडण चालते त्या सायटेशनला आणि एच-इंडेक्सला या तक्त्यात एकही गुण नाही. ते मुलाखतीत, विद्यापीठाच्या आणि एनआयआरएफच्या हिशेबात, प्रकल्पाच्या अर्जात विचारले जातात.

लेखक वाटणीचा नियम लक्षात ठेवा. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला 70 आणि बाकीच्या प्रत्येकाला 30. दहा गुणांच्या पेपरला तीन लेखक असतील तर एकाला 7, दोघांना 3-3. आता गणितात आणि अर्थशास्त्रात नावे बऱ्याचदा वर्णानुक्रमाने लावतात. तिथे ‘वाघ’ आणि ‘वळवी’ कायम शेवटी, काम कितीही केले तरी. म्हणून पेपर पाठवतानाच पत्रव्यवहाराचा लेखक कोण हे आपसांत ठरवून घ्या, आणि कोणी काय केले याचा परिच्छेद पेपरात टाकायला लावा. छापून आल्यावर हे बदलता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये नव्या नियमावलीचा मसुदाही आला होता, त्यामुळे फाईल करताना तुमच्या मूल्यांकन काळाला कोणता नियम लागू आहे हे कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

दहावी पायरी: मराठीतले काम सापडेल असे करा

आपल्याकडच्या चर्चासत्रांचे अंक अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवले जातात. छापील पानावर अक्षर सुंदर दिसते, पण पीडीएफमधला मजकूर कॉपी करून पाहा: रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी निघते. गूगललाही तेच दिसते. तुमचा भिल्ली किंवा पावरी बोलीवरचा लेख कोणी शोधला तरी मिळत नाही, मग उद्धृत कोण करणार?

संपादकाला युनिकोडमध्येच मजकूर द्या आणि पीडीएफ तशीच मागा. शीर्षक आणि सारांश मराठीबरोबर इंग्रजीतही द्या. अहिराणी शब्दांचे रोमन लिप्यंतर मुख्य शब्दांत टाका, म्हणजे बाहेरच्या भाषाभ्यासकाला हाती लागेल. जुने लेख पुन्हा युनिकोडमध्ये टंकून, प्रकाशकाची लेखी परवानगी घेऊन, झेनोडोवर चढवा. हे भांडार सर्न या संस्थेचे आहे, फुकट आहे आणि प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो. एका सुट्टीत पाच लेख सहज होतात, विद्यार्थी मदतीला असले तर दहाही.

अकरावी पायरी: एका पानाचा गोषवारा

शेवटी हे सगळे एका पानावर आणा. प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी हव्यात: कुठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला, कशाशी तुलना केली. नुसते ‘एच-इंडेक्स 6’ असे लिहू नका. असे लिहा:

‘2014 ते 2024 या काळात 10 पेपर, त्यांपैकी 6 मध्ये पत्रव्यवहाराचा लेखक. गूगल स्कॉलरवर 126 सायटेशन, स्कोपसवर 88, स्वतःची वगळून 71. विषयानुसार गुणोत्तराची सरासरी 1.1, मधला आकडा 0.8. सर्वाधिक उद्धृत पेपर केळीच्या सालीपासून केलेल्या शोषक कार्बनवरचा. त्यातली पद्धत इतर तीन गटांनी वापरली, त्यांचे पेपर सोबत जोडले आहेत.’

हे आकडे नमुन्याचे आहेत, मांडणी बघा. मधला आकडा 0.8 लिहायला काहींना लाज वाटते. लिहा. समितीतल्या जाणत्या माणसाला एकट्या सरासरीपेक्षा या दोन आकड्यांतून जास्त कळते, आणि बाकीच्या आकड्यांवर विश्वासही बसतो. मराठीच्या प्राध्यापकांनी याच जागी दोन ग्रंथ, त्यांची परीक्षणे, कोणत्या प्रबंधांनी आधार घेतला आणि कोणत्या अभ्यासक्रमात लावले, हे लिहावे आणि एच-इंडेक्सची ओळ सरळ सोडून द्यावी. कोणी विचारलेच तर या विषयाचे साहित्य डेटाबेसमध्ये नाही, एवढे एका वाक्यात सांगावे.

स्क्रीनशॉट घेताना संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख आणि वरचा वेबपत्ता, दोन्ही चित्रात येऊ द्या. शीट वर्षातून दोनदा ताजी करा, दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा. फाईल मागितल्यावर बसलात तर आठवडा जातो. पीडीएफ फक्त पेनड्राईव्हवर ठेवू नका, एक प्रत ग्रंथपालाकडे देऊन ठेवा.